गोर्योचा मायना

पत्राच्या मायन्यात काय म्हणून संबोधलं, एवढ्या एका गोष्टीवरून कोरियाच्या एका राजदरबारात आलेल्या दूताचं मुंडकं उडवायची भाषा झाली होती. हे मला माझ्या लेकीने सांगितलं. शुक्रवारची दुपार होती, बाहेर शमालचा वारा सुटला होता आणि धुळीने समोरची इमारतसुद्धा दिसेनाशी झाली होती. मी सोफ्यावर आडवा झालो होतो, तो उठून बसलो.

"बरोबर बोलले ते," मी म्हणालो. "उडवायलाच हवं होतं."

"डॅड, यू आर सो व्हायलंट," लेक म्हणाली आणि तिने पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

तिचं बारावीचं वर्ष. कुवेतमधल्या तिच्या वयाच्या निम्म्या मुली कोरियन मालिकांच्या नादी लागलेल्या आहेत. त्यांतल्या बाकीच्या नटांवर भाळतात. आमच्या कन्येला राजवाडे, फौजा आणि सरहद्दीवरचे तट आवडले. शाळेच्या इतिहासाच्या प्रोजेक्टला तिने विषय घेतला तो असा: शेजारचं एक साम्राज्य बुडत असताना आणि दुसरं वर येत असताना मधल्या लहान राज्याने आपली सीमा कशी सांभाळली. सह्याद्रीतले चार किल्ले तिला ओळीने सांगता येणार नाहीत, पण यालू नदीच्या काठी कुठला कोट कुणी बांधला ते तोंडपाठ. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. मग म्हटलं, असू दे, नटांपेक्षा तट बरे.

तर नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या राज्याचं नाव गोर्यो. त्याच्या उत्तरेला खितान लोकांचं बलाढ्य साम्राज्य होतं. गोर्यो त्याला नजराणे पाठवायचं आणि आपल्या कागदपत्रांवर त्या सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष घालायचं. त्याच बाजूला रानावनात जुर्चेन नावाच्या टोळ्या होत्या. त्या गोर्योला आईबापाच्या जागी मानायच्या आणि फार जपून, अदबीने वागायच्या. बघता बघता या जुर्चेनांनी खितानांना झोडपून काढलं आणि त्यांच्या पुढाऱ्याने स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं. मग त्याचं गोर्योच्या राजाला पत्र आलं. त्यात त्याने स्वतःला लिहिलं थोरला भाऊ आणि राजाला धाकटा. कहर म्हणजे आमचे वाडवडील तुम्हाला आईबाप म्हणत, अशी कबुलीही त्याच पत्रात होती!

"बट व्हाय वेअर दे सो शॉक्ड?" लेकीला कळेना. "ब्रदर इज अ गुड थिंग, ना?"

काय सांगणार हिला? हिचा जन्म इथला. हिने आयुष्यात एकही पत्र लिहिलेलं नाही. मी तिला समोर बसवलं आणि मायना समजावून सांगितला. वडिलांना तीर्थरूप. वडिलांच्या जागी असलेल्याला तीर्थस्वरूप. धाकट्याला चिरंजीव. वर साष्टांग नमस्कार जातो, खाली आशीर्वाद येतो. आमच्या शाळेत मायना चुकला की गुरुजी खालचं पत्र वाचायचेच नाहीत, वही तोंडावर फेकायचे.

"आता समज," मी म्हणालो, "काल-परवापर्यंत जो मला तीर्थस्वरूप लिहायचा, त्याने आज मला लिहिलं, चिरंजीव अमुक यांस अनेक उत्तम आशीर्वाद. मी काय करायचं?"

"ब्लॉक हिम," ती म्हणाली.

म्हणजे तिला कळलं होतं.

पुढची गोष्ट मात्र मला पटली नाही. दरबारात एकच मंत्री म्हणाला की मोठमोठ्या राज्यांनी असली नाती पत्करलेली आहेत, आपणही पत्करू. बाकीचे त्याला हसले आणि त्या पत्राला उत्तरच गेलं नाही. पण गोर्योवाले पक्के होते. खितान डळमळायला लागल्याबरोबर त्यांनी आपल्या कागदांवरून त्या सम्राटाचं वर्ष काढून टाकलं. नव्या सम्राटाचंही घातलं नाही. नुसतं साठ वर्षांच्या चक्रातलं नाव लिहायला लागले. ("आपली संवत्सरं तशीच की," स्वयंपाकघरातून आमची ही म्हणाली. तिचं लक्ष असतं.) नदीकाठचं एक सरहद्दीवरचं गाव खितानांकडे होतं. त्यांचे अधिकारी पळून जाताना ते गाव गोर्योच्या हाती देऊन गेले, आणि यांनी ते मुकाट्याने घेतलं. काही वर्षांनी जुर्चेन फारच मोठे झाले, तेव्हा गोर्योने मान खाली घातली. भाऊ सोडाच, सेवक म्हणवून घेतलं. बदल्यात ते गाव यांच्याकडे राहिलं आणि लढाई टळली.

"सो दे वेअर स्मार्ट," लेक म्हणाली. "इट्स जस्ट अ सॅल्युटेशन, डॅड."

"मायना म्हणजेच पत्र," मी म्हणालो. "बाकी खाली काय, बाजारभाव आणि हवापाणी."

मी एवढा पेटलो याला कारण होतं. माझं स्वतःचं राज्य बुडत होतं.

मी परांचीवाला. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत कुठेही उंचावर दुरुस्ती निघाली की आधी आमची माणसं जाणार, लोखंडी नळ्यांची परांची बांधणार, मग बाकीचे शहाणे वर चढणार. मी हाताने नळ्या उचलण्यापासून सुरुवात केली आणि सुपरवायझर झालो. आमच्या कंपनीकडे हे काम इतकी वर्षं होतं की ते कधी जाईल असं कुणाला वाटलंच नव्हतं. एका सकाळी कळलं की ठेका एका कोरियन कंपनीला गेला. नुसतं कळलं, फोनवर, अर्धा चहा हातात असताना. मी तो कप कुठे ठेवला हेही मला नंतर आठवेना.

आमचा कुवेती मालक फार गोड माणूस. "इन्शाल्ला, शुऐब्याच्या बंदरावर नवं काम येतंय, सबर करा," असं तो सगळ्यांना सांगायचा. पण सरकारी कागद फिरवणारा आमचा मंदूब मला बाजूला घेऊन म्हणाला, "हाज्जी, भरोसा मत रखो. इकामा रिन्यू नहीं होगा." मी हाज्जी नाही, पण पिकल्या केसांना इथे तेवढा मान मिळतो. इकामा म्हणजे इथे राहायची परवानगी. ती कंपनीच्या नावावर, आणि बायको-मुलगी माझ्या नावावर. माझा इकामा गेला की तिघांनी गाशा गुंडाळायचा. लेकीची बारावीची परीक्षा तोंडावर. तिचं केंद्र इथलं, नाव इथल्या शाळेतून गेलेलं. मध्येच उचलून चिपळूणला नेलं तर वर्ष फुकट. मला स्वतःचं काही नव्हतं, आमच्या गावात मी चार माड लावून बसलो असतो. पण पोरीचं वर्ष माझ्यामुळे जाणार, या विचाराने मी रात्री उठून तिच्या परीक्षेचं वेळापत्रक बघत बसायचो.

कोरियन कंपनी जुन्या माणसांतली थोडी उचलणार होती. आणि तिथे परांचीचा मॅनेजर कोण, तर आमचा देवरुखवाला!

हा देवरुखवाला मी घडवलेला. घडवलेला म्हणजे अक्षरशः. आला तेव्हा त्याला उंचीची भीती वाटायची, परांचीचा मॅनेजर व्हायला निघालेला माणूस दुसऱ्या फळीवर डोळे मिटून उभा राहायचा. मी त्याला पट्टा लावून वर नेला, शिव्या घातल्या, पुन्हा नेला. शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला. फहाहीलच्या बाजारातून झुबैदी घेऊन यायचा, पापलेटला इथे झुबैदी म्हणतात, आणि "काकी, तुमच्या हातचा कालवण नाय तर आमचा शुक्रवार नाय" म्हणून हिला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचा. त्याचे वडील गेले तेव्हा कोरोनामुळे विमानं बंद होती. घरी जाता येईना. त्याने बापाचे दिवस आमच्या घरात केले. केस मी कापले, आमच्या न्हाणीघरात.

त्यानंतर तो मला व्हॉट्सॲपवर काहीही लिहायचं झालं तरी मायना घालून लिहायचा. 'तीर्थरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार. उद्या क्रेन येत नाय.' बाकीची पोरं हसायची. मी एकदा म्हटलं, अरे शहाण्या, तीर्थरूप फक्त जन्मदात्याला लिहितात. मला तीर्थस्वरूप लिही, स्वरूप. तर म्हणाला, "जन्मदाता हाय कुठं आता? तेवढा एक शब्द कुणावर खर्च करू?" मी पुढे कधी दुरुस्त केलं नाही.

पुढे तो कोरियन कंपनीत गेला, इंग्रजी सुधारलं, कोर्स केले, वर चढला. अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू? मी चार लोकांत सांगायचो की तो माझा पुतण्या. असंच म्हणतो आपण.

मी अर्ज टाकला तेव्हा लेकीच्या गोर्योचा मला खरा उपयोग झाला, हे मान्य करतो. जुन्या मालकाला सांगितलं नाही की अर्ज टाकलाय. नव्या कंपनीला सांगितलं नाही की जुनं सोडतोय. मालक भेटला की मी इन्शाल्ला म्हणायचो आणि मंदूब भेटला की खांदे उडवायचो. कागदावर कुणाचंच वर्ष घालायचं नाही. लेक याला फ्रंटियर स्ट्रॅटेजी म्हणायची आणि खूश व्हायची. देवरुखवाल्याला मुद्दाम फोन केला नाही. आपण होऊन तो करील, ही खात्री होती.

फोन आलाच नाही. मेसेज आला. 'नमस्कार. मंगळवारी दहा वाजता मुलाखतीसाठी ऑफिसला यावे. ओरिजिनल सिव्हिल आयडी सोबत आणावा. मॅनेजर, स्कॅफोल्डिंग.'

मी तो मेसेज वर-खाली करून पाहिला. वाटलं, वरची ओळ दिसत नसेल. वर त्याचाच जुना मेसेज होता, दिवाळीचा, तीर्थरूप आणि शिरसाष्टांगवाला. आणि त्याच्याखाली हे! मला एकदम गार वाटलं, कुणीतरी तोंडावर पाणी मारल्यासारखं. रागसुद्धा लगेच आला नाही.

"कामाच्या गडबडीत असंल," ही म्हणाली. "मेसेज हाय तो. लगीनपत्रिका हाय काय?"

"काका एवढी दोन अक्षरं लिहायला किती वेळ लागतो?"

"आता तो मॅनेजर हाय."

"मग मी काय करू, ओवाळू?"

लेकीने मेसेज वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. तिला काय सुचलं ते तिच्या तोंडावर दिसत होतं, पण ती बोलली नाही. शहाणी आहे. मी गोर्योच्या दरबाराप्रमाणे त्या पत्राला उत्तर दिलं नाही. मंगळवारी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, कारण पोरीची परीक्षा दरबाराला नव्हती, मला होती.

ऑफिस म्हणजे अहमदीच्या बाहेर उभ्या केलेल्या पत्र्याच्या केबिनी. आत एसी असा की दात वाजावेत. टेबलामागे तिघं. मध्ये एक वयस्कर कोरियन, प्रोजेक्टचा प्रमुख. त्याच्या एका बाजूला माणसांची भरती बघणारी फिलिपिनो बाई. दुसऱ्या बाजूला देवरुखवाला, गळ्यात ओळखपत्र, समोर कागद. मी आत गेलो तर तो उठला नाही. मला वाटलं होतं निदान अर्धा उठेल.

"गुड मॉर्निंग, मिस्टर," असं म्हणून त्याने मला माझ्या पाळण्यातल्या नावाने हाक मारली. जे नाव माझी बायकोसुद्धा कधी घेत नाही. आखातात ही पद्धतच आहे, मिस्टर लावलं की पुढे कुणाचंही पहिलं नाव घ्यायला मोकळे, मला काय माहीत नाही? पण त्याच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या कानशिलात सणसणलं. मी बसलो.

कामाचे प्रश्न झाले. त्यात मला कुणी हरवणार नव्हतं. कोरियन साहेबाने एक अवघड कोपरा कागदावर काढून दाखवला, तिथे परांची कशी चढवशील विचारलं. मी त्याच्याच पेन्सिलीने काढून दाखवली. तो खूश झाला, मान डोलवायला लागला. मला वाटलं, झालं, पोरीचं वर्ष वाचलं. बाईंनी मग भरतीचे नेहमीचे प्रश्न विचारले. लग्न झालंय का, आजार काही, या कंपनीत कुणी नातेवाईक आहे का.

"नो, मॅडम," मी म्हणालो. खरंच होतं ते. रक्ताचं माझं कुणी कुवेतमध्ये नाही.

आणि मग कोरियन साहेबाने सहज देवरुखवाल्याला विचारलं, तू याला ओळखतोस का?

"सेम साइट, सर," तो म्हणाला, कागदातून मान वर न काढता. "लाँग टाइम बॅक."

सेम साइट! ज्या न्हाणीघरात बसून याने केस दिले, ती सेम साइट? ज्या ताटात जेवला, ते लाँग टाइम बॅक? माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी ठरवून काही बोललो नाही, तोंडातून निघून गेलं, आणि चांगलं मोठ्याने निघालं. "सेम साइट? आय ॲम हिज अंकल! आस्क हिम! आय टीच हिम एव्हरीथिंग! अंकल!"

बाईंचं पेन थांबलं.

आधी मला काही कळलंच नाही. वाटलं, माझ्या आवाजाने दचकल्या. त्यांनी फार हळू आवाजात, मला कळेल अशा सोप्या इंग्रजीत सांगितलं. या कंपनीत मॅनेजरच्या हाताखाली त्याचा नातेवाईक चालत नाही. याच मॅनेजरविरुद्ध तक्रार आलेली आहे की तो आपली घरची माणसं भरतोय, साइटवर सगळे एकमेकांना अंकल आणि ब्रदर म्हणतात. उमेदवारांत आपलं कुणी नाही, असं त्याने लिहून दिलं आहे. आणि तुम्ही आत्ता अंकल म्हणालात.

मी देवरुखवाल्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेव्हा मला कळलं. नमस्कार का, मिस्टर का, न उठणं का, सगळं एका झटक्यात कळलं. तो मला काका म्हणत नव्हता, कारण तशी हाक मारली असती तर माझं नाव तिथेच कापलं गेलं असतं. तो त्याच्या परीने मला आत घेत होता, आणि मी मान मिळाला नाही म्हणून दारातच आरडाओरडा करून दोघांच्या गळ्याला फास लावला होता. आजवर परांचीवरून माणूस पडताना मी पाहिलाय, तेव्हासुद्धा मी इतका हादरलो नव्हतो.

आणि गंमत बघा, त्या खोलीतल्या प्रत्येकाला खरं समजत होतं, असं माझं आजही मत आहे. फिलिपिनो माणसं कुणालाही कुया म्हणतात, कुया म्हणजे दादा. कोरियन लोकांतही वयाने मोठा दिसला की लगेच थोरला भाऊ होतो, हे लेकीने मला सांगितलेलं. आमचं तर काय बोलावं, आम्ही रिक्षावाल्याला मामा म्हणतो. पण बोलणं चाललं होतं इंग्रजीत, आणि इंग्रजीत अंकल म्हणजे बापाचा नाहीतर आईचा भाऊ.

कोरियन साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मग देवरुखवाल्याकडे वळून त्याने विचारलं, "रिअल अंकल?"

सुटायला दार उघडून दिलं त्याने. तो माझ्या वयाचा होता, त्याला बहुतेक दया आली असावी.

गळ्यातलं ओळखपत्र हातात धरून देवरुखवाला ते उलटं-सुलटं करत होता. मला वाटलं हा आता हो म्हणणार. त्याच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसत होतं. हा वेडा हो म्हणणार, याची नोकरी जाणार, माझा इकामा जाणार, आणि हा बाहेर येऊन माझ्या पाया पडणार! मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पहिल्यांदा फळीवर चढवताना वटारायचो तसे.

"नो, सर," तो म्हणाला. "नो रिलेशन."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. "यू?"

मला नुसतं नॉट रिअल म्हणता आलं असतं. तेवढं पुरलं असतं का, माहीत नाही. बाईंचं पेन अजून कागदाला टेकलेलं नव्हतं. "नो, सर," मी म्हणालो. "नॉट अंकल. ही इज नोबडी टू मी."

"मग तसं का म्हणालात?" बाईंनी विचारलं.

आता याला काय उत्तर? मी हसलो. चक्क दात दाखवून हसलो. म्हणालो, नोकरीची गरज आहे मॅडम, मॅनेजरची ओळख लावली तर काम होईल असं वाटलं. आम्हा लोकांची सवय असते. सॉरी. असं म्हणून मी हातसुद्धा जोडले. आधी बाईंना, मग कोरियन साहेबाला आणि मग, तिसरे, त्याला. त्याला सर म्हणालो. म्हणायलाच हवं होतं, नाहीतर त्यांना खरं वाटलं नसतं.

त्याने मान खाली घातली ती वर केली नाही. त्याचे कान लाल झाले होते.

बाईंनी लिहिलं. कोरियन साहेबाने मान हलवली आणि परांचीचा तो कागद आपल्या फायलीत घातला. मी बाहेर आलो. तो मागून येईल असं वाटलं म्हणून गाडीत एसी लावून उगाच बसून राहिलो. तो आला नाही, आणि आला नाही तेच बरं झालं, खिडकीतून कुणी पाहिलं असतं. माझ्या मनात एकसारखं येत होतं की हे मला इतकं सहज कसं जमलं. जीभ अडखळली नाही, आवाज कापला नाही. मी माझ्यावरच थक्क झालो होतो. घरी जाताना गाडी चुकीच्या वळणावर घातली, रोजच्या रस्त्यावर.

घरी फक्त एवढंच सांगितलं की मुलाखत बरी झाली. ही म्हणाली, "बगा, मी बोलली नव्हती? तो बगणार. आपला पोर हाय." लेक प्रोजेक्टवर शेवटचा हात फिरवत होती. तिने त्या नदीकाठच्या गावाचा नकाशा काढला होता, सुंदर काढला होता. मी तो पाहिला आणि छान आहे म्हणालो. जेवताना दोन घास जास्तच गेले असतील, कारण ही पुन्हा पुन्हा वाढत होती आणि मला नको म्हणायचं सुचत नव्हतं.

संध्याकाळी हिच्या फोनवर त्याचा फोन आला. माझ्या नाही, हिच्या. हिने पिठाचे हात होते म्हणून फोन स्पीकरवर टाकला आणि लगेच सुरू झाली, काय रे, कसा हायस, किती दिवसात आला नायस, या शुक्रवारी ये, झुबैदी आणलाय.

पलीकडे मागे कुणाचे तरी आवाज येत होते, ऑफिसातच असावा. मग तो म्हणाला, "मॅडम, सरांना निरोप द्या. सिलेक्शन झालंय. इकाम्याचं काम उद्यापासून सुरू होईल. सोमवारी सकाळी गेटवर रिपोर्ट करायचं."

लेक खोलीतून ओरडत बाहेर आली आणि माझ्या गळ्यातच पडली. तिचं वर्ष वाचलं होतं.

ही फोनकडे बघत उभी होती, हाताला पीठ तसंच. "सर?" ती त्याला म्हणाली. "कोण सर रे? हितं कोण ऱ्हातो सर?"

पिठाच्या हातानेच तिने फोन उचलून कानाशी धरला.

"माझ्यासाठी आहे," मी म्हणालो. "दे इकडे."